जामखेडच्या पणत्या

नगरच्या माळीवाडा स्टँडवर तुम्ही जामखेडच्या गाडीत बसलात आणि शेजारी एखादा गप्पिष्ट गृहस्थ लाभला, तर तो तुम्हांला पहिला प्रश्न कोणता विचारील, हे मी आजच सांगून ठेवतो. तो विचारील, "दवाखान्यात कोन हाय?"

मलाही तोच प्रश्न आला. विचारणारे गृहस्थ सत्तरीच्या पुढचे, डोक्याला पटका, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून डोकावणारी भाकरीची चवड. मी म्हणालो, "कोणी नाही बाबा. सहज चाललोय."

"सहज? जामखेडला?"

त्यांच्या चेहऱ्यावरचा अविश्वास पाहून मलाच ओशाळल्यासारखे झाले. सहज माणूस महाबळेश्वरला जातो, फार तर शिर्डीला जातो. दिवाळी तोंडावर आली असताना कोणी सहज जामखेडला जात नाही. पण खरे कारण एका दमात सांगण्यासारखे नव्हते. ते आता सावकाशीने, वाचकहो, तुम्हांला सांगतो.

आमचा नगर जिल्हा (आता त्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे) महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा. पण तो एक नव्हे, दोन जिल्हे आहेत असेच आम्ही तिथली माणसे मानतो. उत्तरेकडे प्रवरेचे पाणी, उसाचे मळे, साखर कारखाने. १९५० साली प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना उभा केला आणि त्या बाजूचे दैव फिरले. दक्षिणेकडे मात्र खडकाळ माळ, बाभळी आणि आभाळाकडे लागलेले डोळे. जामखेड त्या दक्षिणेच्या अगदी टोकाला. इतके टोकाला, की नगरहून निघालेली गाडी आपल्याच जिल्ह्यातल्या या तालुक्याला पोचण्यासाठी वाटेत बीड जिल्ह्यात शिरते, कडा आणि आष्टी ही गावे ओलांडते, आणि मग पुन्हा आपल्या जिल्ह्यात येते. सरकारी कागदपत्रांनाही पूर्वी हीच वाट चालावी लागत असेल, आणि बरीचशी मधेच हरवत असतील!

तसा हा तालुका इतिहासात नावाजलेला. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचा जन्म याच तालुक्यातल्या चोंडीचा, १७२५ सालचा. १७९५ साली मराठ्यांनी निजामाला शेवटचे पाणी पाजले ते खर्डे गावही याच तालुक्यात. पण इतिहासाने पोट भरत नाही आणि तापही उतरत नाही. इथल्या माणसाने पिढ्यान् पिढ्या एकच वाट ओळखली. दिवाळी झाली, की बायकापोरे आणि बिऱ्हाड गाडीत घालून ऊसतोडीला निघायचे.

आमचे गाव जिल्ह्याच्या याच कोरड्या अर्ध्या भागातले. माझ्या जन्माच्या दोन वर्षे आधी आमच्या घरी एक मूल गेले. माझा थोरला भाऊ. दीड वर्षांचा होता. उन्हाळ्याचे दिवस, हगवण लागली. हगवण लागलेल्या मुलाला पाणी द्यायचे नाही, पाणी दिले की ती वाढते, अशी त्या काळी गावोगाव समजूत होती. घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी तेच सांगितले आणि माझ्या आईने ते ऐकले. सतरा-अठरा वर्षांची पोर, ती दुसरे काय करणार? जवळचा डॉक्टर बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळे संपले.

आईने ही हकीगत मला आयुष्यात एकदाच सांगितली. सांगताना ती एवढेच म्हणाली, "पाणी मागत होता रे. मी दिलं नाही."

पुढे आम्हां भावंडांपैकी कोणाला नुसते अंग कोमट लागले, तरी आई उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवी आणि रात्रीतून चार वेळा उठून तो रिकामा झाला की नाही ते पाही. दिवाळीत तुळशीपाशी ती एक पणती जास्त लावी. ती कोणाची, हे आम्ही कधी विचारले नाही आणि तिने कधी सांगितले नाही. काही वर्षांमागे आई गेली. तेव्हापासून मनात एक प्रश्न घर करून बसला होता. तो घेऊन मी जामखेडला निघालो होतो.

जामखेडलाच का, हे सांगायचे तर आरोळे दांपत्याची गोष्ट सांगावी लागेल.

डॉ. रजनीकांत आरोळे आमच्याच जिल्ह्यातले. डॉ. मेबल जबलपूरच्या. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात दोघे एकत्र शिकले. १९६० साली त्यांचे लग्न झाले. लग्नात माणसे एकमेकांना दागिने देतात, वचने देतात. या दोघांनी खेड्यातल्या, ज्यांच्याकडे कोणी पाहत नाही अशा माणसांसाठी आयुष्य वेचायचे, असे वचन एकमेकांना दिले. अशी वचने तरुणपणी पुष्कळ जण देतात. विशेष हे, की यांनी ते पाळले.

प्रथम नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या मिशन इस्पितळात त्यांनी काही वर्षे काम केले. रोगी येत, बरे होत, घरी जात, आणि काही महिन्यांनी तोच रोग घेऊन पुन्हा येत. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हगवण, बाळंतपणातले ताप. कामाला उसंत नव्हती. पण दोघांच्या ध्यानात एक गोष्ट आली. आपण ज्यांवर रात्रंदिवस औषध देत आहोत, त्यांतले बहुतेक आजार मुळात होऊच नयेत असे आहेत. ते इस्पितळात जन्मत नाहीत. गावात, विहिरीवर, चुलीपाशी आणि माणसांच्या समजुतींत जन्मतात. मग डॉक्टरने इस्पितळात बसून त्यांची वाट का पाहायची?

हा प्रश्न घेऊन दोघे अमेरिकेला गेले. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. कार्ल टेलर यांच्यापाशी त्यांनी सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिकडे राहते तर पैशाला तोटा नव्हता. पण १९७० साली दोघे परत आले आणि त्यांनी मुक्काम निवडला तो जामखेडला. गावाने त्यांना काम सुरू करायला जागा दिली ती कोणती? जनावरांच्या जुन्या दवाखान्याची! गावच्या पुढाऱ्यांचा यात काही उपहास नव्हता. रिकामी अशी तेवढीच इमारत होती.

या कामाचे इंग्रजी नाव लांबलचक आहे. मराठीत त्याला 'सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प' म्हणता येईल. पण जामखेडच्या स्टँडवर तुम्ही असे विचारलेत, तर रिक्षावाला तुमच्या तोंडाकडे पाहत राहील. 'आरोळे डॉक्टरांचा दवाखाना' म्हणा, म्हणजे तो निमूटपणे रिक्षा सुरू करील.

दवाखाना सुरू झाला आणि पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. ज्यांनी तो पाहिला त्यांना काही सांगायला नको, आणि ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. खडी फोडण्याच्या कामावर पाटील आणि मजूर एकाच रांगेत बसले ते त्या साली. डॉक्टर गावोगाव जाऊन विचारीत, "तुम्हांला काय पाहिजे?" लोक सांगत, "पाणी." कोणी म्हणत, "दाणे." औषध पाहिजे असे कोणीच म्हणत नसे. दुसरा एखादा डॉक्टर हिरमुसला असता. आरोळ्यांनी मात्र लोक सांगत होते तेच बरोबर मानले. मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी गावोगाव सामुदायिक स्वयंपाक सुरू झाले आणि बोअर घेण्याचे काम हाती घेतले गेले.

बोअर घेताना त्यांनी एक गोष्ट केली. तिला युक्ती म्हणा, न्याय म्हणा. बोअरच्या जागा त्यांनी दलित वस्तीत निवडून घेतल्या. गावच्या विहिरीवर ज्यांची सावलीही चालत नव्हती, त्यांच्याच दारात पंप बसला. तहान जातपात ओळखत नाही. सारे गाव हंडे-कळशा घेऊन तिकडे आले. व्याख्याने देऊन जे काम वर्षानुवर्षे झाले नव्हते, ते एका हातपंपाने सुरू केले. सुरू केले असेच मी म्हणतो, संपवले म्हणत नाही. ते अजून संपलेले नाही.

तरीही गावातले आजार काही हटेनात. दोघा डॉक्टरांनी शिकलेल्या नर्सबाई गावांत नेमून पाहिल्या. पण ते जमले नाही. बाई परगावची, तरणी, इस्त्रीच्या कपड्यातली. तिचे बोलणे गावच्या बायकांना पुस्तकी वाटे. तिच्या सांगण्यावरून कोणी बाळाला खाऊ घालीना की टोचून घेईना. तेव्हा एक विचार पुढे आला. बाहेरची बाई नको. गावाने गावातलीच एक बाई निवडावी, तिलाच शिकवावे. ती बाई शिकलेली नसली तरी चालेल. मनाने मोठी असली, गावासाठी झटणारी असली, म्हणजे पुरे.

त्या काळी ही कल्पना ऐकून शहरातले शहाणे हसले असतील. निवडल्या गेलेल्या बायकांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. कित्येक दलित होत्या, काही विधवा, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या आठवड्यातून एकदा जामखेडला येत. डॉ. मेबल त्यांना चित्रे दाखवून शिकवीत. मूल कसे वाढते, कोणते बाळंतपण अडेल हे आधी कसे ओळखावे, नाळ कशाने कापावी, अंगावरचा चट्टा कुष्ठाचा आहे का हे कसे पाहावे. साऱ्या जातींच्या बायका तिथे एकत्र बसत, एकत्र जेवत. शिकलेले गावात जाऊन करायचे, आणि पुढच्या आठवड्यात येऊन काय अडले ते सांगायचे. नोकरीसारखा पगार नव्हता. पोटासाठी शेळ्या पाळणे, बांगड्या विकणे असल्या छोट्या धंद्यांना प्रकल्पाने हात दिला.

अशाच एका मावशींना मी जामखेडजवळच्या एका गावात भेटलो. "माझं नाव छापू नका," असे त्यांनी बजावल्यामुळे नाव लिहीत नाही. ठेंगणी मूर्ती, हातभर हिरव्या बांगड्या, आणि डोळे असे, की समोरच्या माणसाला कुठे दुखते आहे ते त्याने सांगण्याआधी ओळखावे.

मी विचारले, "मावशी, वय काय तुमचं?"

"त्ये सरकारला ठावं. बहात्तरच्या दुष्काळात माजं पयलं पोर मांडीवर व्हतं. आता तुमीच मोजा."

"पहिल्यांदा जामखेडला गेलात तेव्हा भीती वाटली?"

"न वाटाया काय झालं? डॉक्टरीणबाईनं इचारलं, तुजं नाव काय? आता बगा बाबा, माजं नाव मला कुनी कधी इचारलंच नव्हतं. आमक्याची सून, तमक्याची आई. येवड्यावरच भागत व्हतं. मी आपली खाली बगत ऱ्हायले. बाई म्हनल्या, मोट्यानं सांग. तवा सांगितलं. सोताचं नाव सोताच्या तोंडून आयकून येगळंच वाटलं."

"मग गावानं लगेच ऐकलं तुमचं?"

मावशी हसल्या. "गाव म्हनलं, हिला कवापासून अक्कल आली? आमची वस्ती गावाच्या भायेर. वरच्या आळीत गेलं तर वट्याच्या खालून बोलायचं. दोन वर्सं तशीच गेली. मग येका राती थोरामोठ्याच्या घरनं बलावनं आलं. सून अडली व्हती, आन् पावसानं वढ्याला पानी. जामखेडला न्यायची सोय न्हाई. त्या राती मला कुनी वट्याच्या खाली हुभं ऱ्हा म्हनलं न्हाई. सरळ आतल्या खोलीत न्हेलं. हात धुतले, नखं बगितली, दोरा-पातं उकळून घ्येतलं. पाटंच्या पारी मोकळी झाली. पोरगा. पोर आदी माज्या हातात आलं, मंग त्येंच्या."

असे म्हणून त्यांनी चहाची कपबशी माझ्यापुढे सरकवली. जणू भाजीचा भाव सांगावा इतक्या सहजपणे त्या बोलत होत्या. मी मात्र बराच वेळ त्या शेवटच्या वाक्यापाशी अडखळून बसलो होतो.

आता थोडे आकडे. दिवाळी अंकात आकडे वाचायचा वाचकांना कंटाळा असतो, हे मी जाणतो. पण हे आकडे कोरडे नाहीत. १९७१ साली प्रकल्पाच्या गावांत जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी १७६ मुले पहिला वाढदिवस पाहत नव्हती. म्हणजे सहा पाळण्यांतला एक पाळणा रिकामा होत होता. १९७६ साली हा आकडा ५२ वर आला. १९९६ साली तो २६ झाला. साऱ्या देशाचा हाच आकडा २०२० साली २८ होता. म्हणजे भारताला जिथे पोचायला २०२० साल उजाडले, तिथे जामखेडच्या अक्षरशत्रू म्हणवल्या जाणाऱ्या बायका चोवीस वर्षे आधीच जाऊन बसल्या होत्या. आणि यात मोठमोठी यंत्रे नव्हती. साबण, उकळलेले पाते, लस, खतपाण्यावरची परसातली भाजी, सांडपाण्याचा शोषखड्डा, आणि वेळेवर सांगितलेला चांगला शब्द, एवढेच होते.

पुरुषमंडळी मागे राहिली असे नव्हे. गावोगाव शेतकऱ्यांची मंडळे निघाली, त्यांनी झाडे लावली, पाणी अडवले. बायकांची महिला मंडळे झाली, त्यांनी बचत केली आणि नवऱ्याच्या दारूवर बोलायला सुरुवात केली. कुष्ठाच्या रोग्यांसाठी निराळी वसाहत न काढता इतर रोग्यांबरोबरच त्यांच्यावर उपचार झाले. अपघातात पाय गेलेल्यांसाठी जामखेडलाच जयपूर पाय तयार होऊ लागले. काही थोड्या गावांपासून निघालेले हे काम पुढे शंभराहून अधिक गावांत पसरले.

जगाने याची दखल आपल्या आधी घेतली, हे सांगायला थोडी लाज वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ साली, लोकांनी स्वतः उभारलेल्या आरोग्यकार्यांवर एक पुस्तक काढले. त्यात जामखेडवर एक प्रकरण होते. १९७८ च्या सप्टेंबरात त्या वेळच्या सोव्हिएत रशियातल्या अल्मा-आता शहरी १३४ देशांचे प्रतिनिधी जमले आणि आरोग्य सर्वांच्या दाराशी पोचले पाहिजे, असा जाहीरनामा त्यांनी काढला. पुढच्याच वर्षी, १९७९ साली, आरोळे पतिपत्नींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९९० साली डॉ. रजनीकांतांना पद्मभूषण मिळाले. देशोदेशींचे डॉक्टर जामखेडला शिकायला येऊ लागले, आणि त्यांना शिकवायला कोण? याच बायका!

त्यांपैकी एक मुक्ताबाई पोळ. १९८८ साली त्या अमेरिकेत वॉशिंग्टनला एका मोठ्या आरोग्य परिषदेत बोलायला गेल्या. सभागृह भव्य, वर लखलखणारी झुंबरे, समोर जगभरचे विद्वान. आपले काम सांगून झाल्यावर मुक्ताबाईंनी त्या झुंबरांकडे बोट दाखवले. डॉक्टर या झुंबरांसारखे आहेत, सुंदर, पण महागडे आणि आमच्या हाताला न लागणारे, अशा अर्थाचे त्या काही बोलल्या. मग त्यांनी बरोबर नेलेले साधे दिवे काढले. एक पेटवला आणि त्याच्यावर दुसरा लावून दाखवला. झुंबराला हे जमत नाही. आम्ही गावच्या बायका या दिव्यांसारख्या आहोत, असे त्यांनी सांगितले. सारे सभागृह उठून उभे राहिले. दरसाल दिवाळीत आपण एका पणतीवर दुसरी लावतो. त्यात एवढा अर्थ भरलेला आहे, हे आपल्यापैकी कितींना सुचले असते?

असो. सारेच गोड गोड लिहिले तर ते खरे होणार नाही.

डॉ. मेबल १९९९ साली गेल्या. डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. त्यांची कन्या डॉ. शोभा आणि चिरंजीव रवी यांनी काम पुढे चालवले. पण काळ पालटला. हजारांतली १७६ मुले मरत होती तेव्हा शत्रू डोळ्यांना दिसत होता. आता गावात रक्तदाब आहे, साखर आहे, तंबाखू आहे, आणि मनाचे आजार आहेत. हे शत्रू दबक्या पावलांनी येतात. तालुक्याच्या गावी खाजगी दवाखान्यांच्या पाट्या झाल्या आहेत. हातात मोबाइल असलेली तरुण सून मावशींच्या सल्ल्याआधी मोबाइलचा सल्ला घेते. आणि ऊसतोडीची टोळी अजूनही निघतेच. सहा महिने फडात राहणाऱ्या गरोदर बाईकडे कोणत्या गावची बाई लक्ष देणार?

सरकारने २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान सुरू केले आणि गावोगाव आशाताई नेमल्या. जामखेडसारख्या ठिकाणच्या अनुभवाची ही फळे, हे जाणकार मान्य करतात. फार चांगली गोष्ट झाली. पण याच आशाताईंना मानधनासाठी २०२१ साली संप करावा लागला आणि २०२३-२४ मध्ये पुन्हा करावा लागला. जामखेडची बाई आठवड्याला शिकायला येई, अडचण सांगे, तिचे ऐकून घेणारे कोणी असे. आशाताईच्या हातात नोंदवह्यांचा गठ्ठा आला. तिचे ऐकून घेणारे माणूस मात्र दर ठिकाणी मिळालेच असे नाही. वात आणि तेल आपण साऱ्या देशभर वाटले. पण पणती दुसऱ्या पणतीवर लावताना दोन्ही जवळ धराव्या लागतात, हे विसरलो.

हे मी मावशींना बोलून दाखवले. त्यांनी मान हलवली. "आमच्या गावची आशा माजी भाचसूनच हाय. पोरगी चांगली हाय. लिवून लिवून बोटं दुकत्यात तिची. मी म्हनते, लिव बाई, पर आदी घरात जाऊन बस. बसल्याबिगर बाई बोलत न्हाई."

उन्हे कलली होती. परतीची गाडी गाठायची होती. उठता उठता मी तो प्रश्न विचारला, ज्यासाठी आलो होतो.

"मावशी, लहान पोराला हगवण लागली तर पाणी द्यावं का?"

मावशींचा चेहरा एकदम मास्तरणीचा झाला. "द्यावं का म्हंजी? पानीच द्यायचं! पानी जातं म्हनून तर पोर जातं. येक लिटर पानी घ्यायचं, उकळून गार क्येलेलं. त्येच्यात चहाचं सा सपाट चमचं साकर आन् अर्दा चमचा मीठ. चव घ्यायची, आसवापरीस खारट लागू द्यायचं न्हाई. मंग चमच्या-चमच्यानं पाजीत ऱ्हायचं. वकलं तर थोडं थांबून पुन्ना पाजायचं. अंगावरचं दूद बंद करायचं न्हाई. डोळं खोल ग्येले, पोर मलूल पडलं, पीना झालं, तर मातुर येक घडी थांबायचं न्हाई, तडक दवाखाना."

हे शास्त्र आहे, वाचकहो. आणि ते फार जुने नाही. १९७१ साली बांगला देशातून लक्षावधी निर्वासित आपल्याकडे आले. बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली. सलाइनच्या बाटल्या संपत आल्या. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर आणि सोडा पाण्यात मिसळून ते पाणी पाजण्याचे धाडस केले. शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यू शेकडा चारच्या खाली आले. त्या मोठ्या माणसाला २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. माझा भाऊ गेला तेव्हा हे ज्ञान अजून जगालाच पुरते गवसायचे होते. पण त्याला लागणारे औषध आमच्या घरात होते. मीठ मडक्यात होते, साखर नसली तरी गूळ शिंकाळ्यात होता, पाणी रांजणात होते. नव्हता तो फक्त सांगणारा माणूस.

मी काही बोललो नसताना मावशींनी विचारले, "कोन व्हतं?"

"थोरला भाऊ. माझ्या जन्माआधीची गोष्ट."

"आन् आई?"

"आई आता नाही. तिनं पाणी दिलं नव्हतं. सगळ्यांनी नको म्हटलं म्हणून. ते तिच्या मनातून जन्मभर गेलं नाही."

मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "माजं बी येक तसंच ग्येलं. बहात्तरात मांडीवर व्हतं म्हनले न्हवं, त्येच. तवा मला बी कुठं ठावं व्हतं? म्हनून तर जामखेडला शिकाया ग्येले. तुमच्या आईचा दोस न्हाई बाबा. तिला कुनी सांगितलंच न्हाई. ज्येला ठावं आसून सांगत न्हाई, दोस त्येचा."

परतताना गाडीत शेजारी कोणी नव्हते, ते बरेच झाले. आष्टीच्या पुढे अंधार पडला. दुतर्फा वस्त्यांवर कुठे कुठे आकाशकंदील लागले होते.

यंदा तुळशीपाशी ती जास्तीची पणती मी लावणार आहे. पण ती कोणाची, हे नातवंडांना विचारावे लागू नये म्हणून मीच सांगणार आहे. त्यांच्या एका आजोबांची, जे दीड वर्षांचे होते. आणि सांगून झाल्यावर पाण्याचे भांडे, सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ पुढे घेऊन त्यांच्याकडून एकदा ते पाणी करवून घेणार आहे. लाडवांच्या ताटापुढे त्यांना त्याची चव आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे. पण लक्षात राहील.